शहरबानूसाठी वाकळ

मुदतीचा ताप उतरला तेव्हा शहरबानू इतकी वाळली होती, की युसुफमियाँनं आपल्या बायकोला लहान मुलासारखं उचललं आणि अंगणातल्या बाजेवर उन्हात आणून ठेवलं. केस मुळापासून कापलेले, गालफडं वर आलेली. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचलाय, आता फक्त जपा. पण तिची थंडी जात नव्हती. पौष सरत आला होता. कापसाची रजई अंगावर घातली की तिला दम लागायचा आणि काढली की दात वाजायचे.

भिंतीपलीकडच्या मनकर्णाबाईनं दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं, "रजई राहू दे. तुला वाकळ शिवते. जुन्या लुगड्यांची, मऊ. अंगावर हाय का नाय तेच कळायचं नाय."

"तेरेकू काम कम हैं क्या?" शहरबानू कसंनुसं हसली.

"ते मी बघते. तू फक्त बरी व्हय."

औरंगपुऱ्याच्या त्या बोळात दोघींची घरं एका भिंतीला टेकून होती, भिंतीत ये-जा करायला एक लहान दार होतं. मनकर्णाबाईचे यजमान आप्पासाहेब मोंढ्याच्या धान्यबाजारात एका अडत दुकानावर बसायचे. युसुफमियाँ हिमरूचं नक्षीदार कापड विणायच्या मागावर काम करायचा. शहरबानू नवी नवी राहायला आली, तेव्हा बोलता बोलता कळलं, की मनकर्णाबाईचं माहेर वेरूळच्या पलीकडच्या ज्या गावात होतं, त्याच गावात शहरबानूची थोरली बहीण अमीरबी दिलेली होती. अमीरबीचा नवरा रहमान गावची लुगडी रंगवायचा. त्याच्या रांजणातला हिरवा रंग मनकर्णाबाईनं लहानपणी कितीदा हातावर उडवून घेतला होता. तेवढ्या एका गोष्टीवर दोघींचं जमलं. मनकर्णाबाईचा धाकटा भाऊ बन्सी बाजाराला आला, की दोन्ही बहिणींचे निरोप इकडून तिकडं न्यायचा. गूळ, हुरडा, पेरू, जे असेल ते दोन घरांत सारखं वाटायचा आणि शहरबानूच्या ओसरीवर बसून चहा पिऊन जायचा.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्या भादव्यात शहरात फौज आली आणि खेड्यापाड्यांतून मुसलमान घरांच्या नको नको त्या बातम्या येऊ लागल्या. आप्पासाहेबांनी युसुफमियाँ आणि शहरबानूला आपल्या धान्याच्या खोलीत लपवून ठेवलं आणि स्वतः दारात बाज टाकून झोपले. काही दिवसांनी बन्सी गावाहून आला. दमलेला, डोळे तांबारलेले.

"भाभी, काळजी करू नगा," तो शहरबानूला म्हणाला. "रहमानभाईला, तुमच्या बहिणीला, तिच्या नूरीला म्या माझ्या गाडीतनं दौलताबादच्या टेसनावर नेलं. हैद्राबादच्या गाडीत बसवून दिलं. ट्रंकसुदीक वर चढवली."

शहरबानूनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "मेरा भाई है तू," असं म्हणत ती रडली होती.

त्यानंतर दोन वर्षं उलटली, अमीरबीचं काहीच कळलं नाही. कुणी म्हणायचं हैद्राबादेहून कराचीला गेली, कुणी म्हणायचं कागद येतील हळूहळू. शहरबानू वाट बघत राहिली. आता या तापातही तिनं नवऱ्याला एवढी हाक मारली नव्हती, जेवढी आपाला, आपल्या थोरल्या बहिणीला, मारली.

मनकर्णाबाईनं वाकळ मांडली. आतल्या थरांना आप्पासाहेबांची विरलेली धोतरं, वर स्वतःचं विटलेलं हिरवं लुगडं, कडेला युसुफमियाँनं कारखान्यातून आणून दिलेले हिमरूचे तुकडे. तरी कापड कमी पडत होतं. तिनं माहेरी भावजयीला, सारजाबाईला, निरोप धाडला: बानूसाठी वाकळ करतीय, मऊ जुनेर असेल ते दे. पुढच्या बाजाराला बन्सीच गाठोडं खांद्यावर टाकून आला. शहरबानूच्या बाजेपाशी उकिडवा बसला. "लवकर बऱ्या व्हा भाभी. अशा पडून राहिल्यात तर चांगलं वाटत नाय," म्हणाला आणि पेरू ठेवून गेला.

गाठोड्यात जुनी लुगडी होती, एक फाटकं धोतर होतं आणि तळाशी लहान पोरीचं मखमली काठाचं कुडतं. तांबूस रंगाचं, छातीवर दोन पोपट भरलेले. मनकर्णाबाईला ते इतकं आवडलं, की तिनं ते फाडलं नाही. अख्खंच पसरून वाकळीच्या उशाकडच्या बाजूला लावलं. बानू सकाळी डोळे उघडेल तेव्हा पोपट दिसतील. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ती दुपारभर शिवत बसायची. बोटांना सुई टोचून टोचून घट्टे पडले. पोपटांच्या भोवतीनं तिनं एवढे बारीक टाके घातले, की आप्पासाहेबही म्हणाले, "माझ्यासाठी कधी अशी शिवली नाही."

वाकळ झाली त्या दुपारी ती घेऊन मनकर्णाबाई शेजारी गेली. शहरबानू उन्हात पडली होती. मनकर्णाबाईनं वाकळ तिच्या अंगावर पसरली आणि कडा खोचल्या.

शहरबानूनं डोळे मिटले. "हाय अल्ला. कुछ वजनच नहीं."

"बोलले होते का नाय? आता बघ तरी."

तिनं एका कुशीवर होऊन हात फिरवायला सुरुवात केली. "ये तेरा हरा लुगडा. ये इनके कारखाने का. ये धोतर आप्पासाब का, हौ ना?" ती हसत होती. ताप आल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. हात वर वर सरकत पोपटांवर आला आणि थांबला.

मनकर्णाबाईला वाटलं, दमली.

"ये कहाँ का है?" शहरबानूनं विचारलं.

"आवडले ना पोपट? माहेरचं हाय. सारजानं दिलं. बन्सी गाठोडं घेऊन आला होता बघ."

 शहरबानूनं वाकळ तोंडाजवळ ओढली आणि एका पोपटाच्या डोळ्यावर नख ठेवलं.

"ये तोते मैं काढी हूँ."

मनकर्णाबाई हसली. "अगं, पोपट काय, सगळं जग काढतं."

"एक की आँख पीली है, एक की सफेद. पीला धागा खतम हो गया था. आपा बोली, रहने दे, नूरी कू क्या समझता. बच्ची कू पहला सबक पढाते ना, उसके बिस्मिल्ला के वास्ते मैं सी थी. फौज आई उस साल की गर्मी में, आपा के घर बैठ को."

मनकर्णाबाईनं वाकून पाहिलं. एक डोळा पिवळा होता, दुसरा पांढरा. इतके दिवस ती त्या डोळ्यांभोवती टाके घालत होती आणि तिला दिसलं नव्हतं.  ती बाजेच्या कडेला बसली.

"घाईत मागं राहिलं असंल, बानू. निघताना. सारजाला मिळालं असंल पडलेलं."

"ये ट्रंक में था. मैं खुद रखी थी, नीम के पत्ते डाल को. और तेरा भाई बोला, ट्रंक गाडी में चढा दिया."

 बोळात कुणीतरी उखळात काही कुटत होतं, त्याचे ठोके ऐकू येत होते.

"उसव," शहरबानू म्हणाली. "निकाल उसकू."

मनकर्णाबाईनं कात्री आणली. आपणच घातलेले बारीक टाके तिनं एकेक कापले. दोनदा कापडालाच कात्री लागली. कुडतं मोकळं झालं तसं शहरबानूनं ते उलटं केलं आणि खालचा काठ बोटांनी चाचपला. काठाची जुनी दुमड उसवून कुडतं लांब केलेलं होतं. नवी शिवण जाड्या काळ्या दोऱ्याची होती. कोपरावर ठिगळ होतं.

"आपा बच्ची के कपडे कू काला धागा कभी नहीं लगाती," शहरबानू म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की मनकर्णाबाईला कान पुढं न्यावा लागला. "ये बढाया है किसी ने. कोई इसकू पहन को बडी हुई है. मनकर्णा, कौन पहनी ये?"

त्या संध्याकाळी मनकर्णाबाईनं आप्पासाहेबांपुढं कुडतं ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी कुडतं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. शेवटी म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

"नगा. तुमच्यासमोर तो बोलायचा नाय. मला एकटीला जाऊ द्या."

सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं ती निघाली आणि फाट्यावर उतरून माहेरच्या वाटेला लागली. पोलीस ॲक्शनपासून तिचं माहेरी जाणं झालं नव्हतं, बन्सीच येऊन जायचा. मनात ती एकच धरून होती, की बन्सी काहीतरी सांगेल आणि सगळं उलगडेल. तिचा भाऊ होता तो. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला होता.

सारजाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मनकर्णाबाईनं कुडतं तिच्यापुढं टाकलं. सारजाबाईनं कुडत्याकडं पाहिलं, मग नणंदेकडं. पिठाचे हात तसेच परातीत राहिले.

"वळखलं का तिनं?" तिनं विचारलं.

 "म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"मीच घातलं गाठोड्यात, वन्सं. चुकून नाय." सारजाबाईनं पदरानं तोंड पुसलं, त्यानं गालाला पीठच लागलं. "वाकळ कुणासाठी हाय ते तुम्ही सांगून धाडलंत. तवा वाटलं, माझ्या तोंडून तर निघत नाय. तिच्या हातात तरी पडंल. ते गाठोडं नेताना ह्यांनी उघडून पाहिलं नाय."

"कुठं हाय अमीरबी?"

 भाकरी तव्यावर करपत होती, धूर येत होता. तेवढ्यात बन्सी शेतावरून आला. दारातूनच, "आक्का! कवा आलीस?" म्हणत आत आला आणि जमिनीवर पडलेलं कुडतं बघून जागच्या जागी थांबला.

"टेसनावर नेलं होतंस ना?" मनकर्णाबाईनं विचारलं. "गाडीत बसवलं होतंस?"

"व्हय."

"बन्सी, माझ्याकडं बघून सांग."

बन्सी खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "निघालो होतो गं. खरंच निघालो होतो. माझ्याच गाडीत बसवलं तिघांना. वढ्यापाशी माणसं आडवी आली. बाहेरची होती, काही आपल्या गावची होती. कुऱ्हाडी होत्या. मला म्हणले, उतर."

"मग?"

"उतरलो."

"आन् मग?"

"बाजूला झालो." तो जमिनीशी बोलत होता. "मी हात लावला नाय कुणाला, आक्का. आईच्यान."

 "त्यांना वाट कुणी सांगितली? वढ्याच्या वाटंनं जाणार हे कसं कळलं?"

 चुलीपुढून सारजाबाईच बोलली, "यांनीच सांगितलं. आदल्या दिवशी ती माणसं आली होती घरी. नाय सांगितलं तर तुझीबी खैर नाय म्हणले."

हे सगळं मनकर्णाबाई उभ्यानंच ऐकत होती. तिला बन्सीचे ते तांबारलेले डोळे आठवले, कानशिलावर बोटं मोडणारी शहरबानू आठवली. त्यानंतर तो किती वेळा आला, त्या ओसरीवर बसला, चहा प्यायला. परवासुद्धा आजारी बाईच्या उशाशी बसून, लवकर बऱ्या व्हा, म्हणाला. हे तोंड तिनं लहानपणी धुतलं होतं. आता ते ओळखीचं वाटेना.

"आन् पोरगी?" ती कशीबशी म्हणाली. "हे कुडतं कुणी लांब केलं?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं.

"पोरगी हाय," सारजाबाई म्हणाली. "दगडाबाईकडं. गोदी म्हणतात तिला. ट्रंक गाडीतच राहिली होती, ती घरी आली. त्यातलं हे कुडतं मीच नेऊन दिलं दगडाबाईला, पोरीच्या अंगावर काही नव्हतं म्हणून. पोरीला लहान पडलं तवा तिनं माघारी दिलं."

मनकर्णाबाई वळली आणि दगडाबाईच्या घराकडं चालू लागली. पाठीमागून बन्सीनं हाक मारली, ती तिनं ऐकली आणि थांबली नाही.

दगडाबाई ही एकटी विधवा. ओढ्याच्या काठाला तिची जमिनीची एक पट्टी होती. तिच्या दारात सहा-सात वर्षांची एक मुलगी खडे मांडून खेळत बसली होती. परकर-पोलकं, कपाळाला कुंकू, आणि कुंकवाच्या खाली व हनुवटीवर हिरवं गोंदण. मनकर्णाबाई ते गोंदण बघतच राहिली. पण भुवया अमीरबीच्या होत्या, नाक अमीरबीचं होतं. पोरीनं वर पाहिलं, अनोळखी बाई बघितली आणि खडे टाकून घरात पळाली.

दगडाबाई बाहेर आली. मनकर्णाबाईच्या हातातलं कुडतं तिनं ओळखलं. "न्यायला आलीस?"

"तिची मावशी हाय शहरात. जिती हाय."

"मला कुणी सांगितलं नाय मावशी हाय म्हणून." दगडाबाई खांबाला टेकून खाली बसली. "जवारीत बसली होती, माझ्या पट्टीत. डोळं उघडं, तोंडातून शबुद नाय. वर्षभर बोलली नाय. म्या सांगितलं, पैठणकडच्या भाचीची पोर हाय, आई मेली. गावाला समदं ठाऊक होतं. कुणी इचारलं नाय, म्या सांगितलं नाय. पुढं कुणी इचारू नये म्हणून गोंदून घेतलं." मग तिनं मनकर्णाबाईकडं थेट पाहिलं. "वाईट केलं का गं म्या?"

 परत जाताना मोटारीत एका बाईनं मनकर्णाबाईला विचारलं, कुणी गेलं का? तिनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते तिलाच कळलं नाही.

शहरबानूला सांगणं तिच्याच वाट्याला आलं. युसुफमियाँ आणि आप्पासाहेब दाराशी उभे राहिले. मनकर्णाबाईनं बाजेवर बसून सगळं सांगितलं, बन्सीचं नाव घेऊन सांगितलं. काही लपवलं नाही. शहरबानू रडली नाही. तिच्या अंगाला इतका कंप सुटला, की बाजेचे पाय वाजू लागले. युसुफमियाँ धावत आला. मग नूरीचं सांगितलं, तेव्हा मात्र तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की बोळातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ले चलो," ती म्हणाली. "अब्बी."

"तुला उठून बसता येत नाय."

"तो सो को जाऊँगी."

डॉक्टर रागावले. युसुफमियाँनं समजावून पाहिलं. शेवटी आप्पासाहेबांनी मोंढ्यातून एक छकडा ठरवला, त्यात गवत पसरलं. शहरबानूला वाकळीत गुंडाळून निजवलं. पोपटांच्या जागी वाकळीत भोकसा राहिला होता, तो बुजवायला कुणाला सुचलं नव्हतं.

दगडाबाईच्या दारात युसुफमियाँनं तिला उचलून ओसरीवर ठेवलं. नूरी दगडाबाईच्या पदराआड होती. शहरबानूनं हात पुढं केले. "नूरी. मैं बानू खाला."

पोरीनं त्या बोडक्या डोक्याच्या, खोल डोळ्यांच्या बाईकडं पाहिलं आणि किंचाळून दगडाबाईच्या कमरेला मिठी मारली. "आई, ही कोण हाय? हिला जायला सांग."

शहरबानूचे हात हवेतच राहिले. युसुफमियाँ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता ही कोसळणार. पण ती हात खाली घेऊन दगडाबाईला म्हणाली, "मैं इधर रहूँ क्या थोडे दिन?"

 युसुफमियाँ म्हणाला, "पागल हुई क्या? इस गाँव में?"

"हौ. इसीच गाँव में. बच्ची मेरेकू पहचाने तक."

दगडाबाईनं आत जाऊन घोंगडं अंथरलं.

गाव हबकून गेलं. ज्या गावात बहीण मारली गेली, तिथं ही बाई येऊन राहिली होती. दगडाबाईची ओसरी वाटेला लागून होती. विहिरीकडं, चावडीकडं, शेताकडं जायचं तर तिच्यासमोरूनच जावं लागे. शहरबानू दिवसभर वाकळ पांघरून ओसरीवर पडलेली असायची. ती कुणाला काही बोलायची नाही. नुसती येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघायची. काही माणसं मान खाली घालून झपाझप निघून जायची. काहींनी तर वाटच बदलली, काट्याकुट्यांतून शेताच्या मागून जाऊ लागली. बन्सी त्या बाजूला एकदाही फिरकला नाही. बायका मात्र येऊ लागल्या. कुणी दूध आणलं, कुणी ताक. पहिली आली ती सारजाबाई. ती ट्रंक डोक्यावर घेऊन आली, ओसरीवर ठेवली, शहरबानूच्या पायाशी बसली आणि उठून गेली.

मनकर्णाबाई चार-आठ दिवसांनी जायची. भावाच्या घरावरून जायची आणि आत पाऊल टाकायची नाही. एकदा गेली तर शहरबानू भिंतीला टेकून बसली होती आणि नूरी थोड्या अंतरावर बसून तिच्या डोक्यावर उगवलेल्या आखूड केसांकडं बघत होती.

"हात लाव," शहरबानू म्हणाली. "काटता नहीं."

पोरीनं एक बोट लावलं, पटकन मागं घेतलं आणि हसली. शहरबानूनं मनकर्णाबाईकडं पाहिलं. त्या दिवशी दोघी पहिल्यांदा रडल्या.

होळी झाल्यावर शहरबानू स्वतःच्या पायांनी गाडीत चढली. नूरी तिच्याजवळ बसायला तयार होती, पण दगडाबाईशिवाय निघायला नाही. दगडाबाईनं आपली पट्टी दिराच्या पोराला वाट्यानं दिली, एक बोचकं बांधलं आणि गाडीत बसली. शहरात ती मनकर्णाबाईच्या धान्याच्या खोलीत राहू लागली. नूरी भिंतीच्या या बाजूला आणि त्या बाजूला, वाटेल तिथं जेवायची. इकडं तिला गोदी म्हणायचे, तिकडं नूरी. दोन्ही हाकांना ती ओ द्यायची.

युसुफमियाँ आणि आप्पासाहेब चौकीवर जाऊन सगळं लिहून देऊन आले. बन्सीचं नावही त्यात होतं. ते मनकर्णाबाईनंच घालायला लावलं होतं. पुढं त्या कागदाचं काही झालं नाही. एका बाजाराला बन्सी बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आप्पासाहेबांनी त्याला तिथूनच परत पाठवला. मनकर्णाबाई आतून बघत होती. तिनं बोळात विचारणाऱ्या बायकांना सांगून टाकलं, मला भाऊ नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी मनकर्णाबाई ओसरीवर नूरीची वेणी घालत होती. दगडाबाई पाटीत डाळ निवडत होती. शहरबानू भिंतीतल्या दारातून विड्याची पानं घेऊन येत होती. बोळातून एक बैलगाडी खडखडत गेली. नूरी गाडीकडं बघत सहज म्हणाली, "असल्याच गाडीत होतो आम्ही."

 नूरीनं त्या दिवसाबद्दल आजवर एक अक्षर काढलं नव्हतं.

"माणसं आली ना, तवा मामा खाली उतरले," ती पुढं म्हणाली. "उतरताना मला पण ओढलं. मागनं. आन् जवारीत फेकलं. म्हणले, पड तिथंच, वरडू नको, कुणी आलं तरी वरडू नको."

"कोणते मामा?" मनकर्णाबाईनं विचारलं, तरी तिला कळलं होतं.

"बन्सीमामा."

दगडाबाईच्या हातातली पाटी कलंडली, डाळ ओसरीभर पसरली. शहरबानू दारातच उभी होती. पानं छातीशी धरलेली.  ती म्हणाली, "उसने बोला काइकू नहीं? इतने दिन, एक बार भी?"

 ज्यानं वाट सांगितली त्यानंच पोरगी जोंधळ्यात फेकली होती. जिच्यासाठी मनकर्णाबाई, मला भाऊ नाही, म्हणत होती, ती पोरगी तिच्या मांडीशी बसली होती, आणि त्या भावामुळंच बसली होती. आणि अमीरबी ओढ्याकाठी मारली गेली, तीही त्याच्यामुळंच. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, हे तिच्या डोक्यात मावत नव्हतं.

"तेरा भाई..." शहरबानू म्हणाली. ती उंबऱ्यावरच खाली बसली.

"मावशी," नूरी मान हलवून म्हणाली, "केस ओढतात."

मनकर्णाबाईनं पाहिलं. पोरीचे पेड तिच्या मुठीत आवळले गेले होते. तिनं मूठ सैल केली.